हळद प्यालेली जीप

आमची जीप आमच्या घरी आली तेव्हाच म्हातारी होती. एका लाकडाच्या ठेकेदाराने तिला जंगलात वीसेक वर्षं दामटली आणि मग माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला, विकली. आम्ही तलावावर मासे धरणारी माणसं. रोहू, कतला, मरळ, झिंगे, जे निघेल ते नागभीड, सिंदेवाही, मूलच्या बाजारात न्यायचं. भासऱ्यांनी जीपच्या मागची बाकं काढली, बर्फाच्या पेट्या ठेवल्या, आणि तेव्हापासून गाडीला मासळीचा जो वास लागला तो गेलाच नाही.

तिला एकच खोड होती. पंधरा-वीस किलोमीटर झाले की पाणी उकळायचं. बॉनेटमधून वाफ निघाली की भासरे उतरत, खांद्यावरचा दुपट्टा रेडिएटरच्या झाकणावर टाकत, झाकण थोडं फिरवून मागे उडी मारत, आणि वाफ ओसरली की डब्यातलं पाणी ओतत. तलावाचं, बोअरचं, नाल्याचं, जे जवळ असेल ते. "तलावाच्या पान्यावर मानूस जगते, मासोळी जगते, मंग गाडी काऊन नाई जगनार," असं ते म्हणत. घरात कोणी वाद घातला नाही, कारण गाडी त्यांनाच येत होती. माझ्या नवऱ्याला सायकलच्या पुढचं काही चालवता येत नाही, आणि त्याला त्याची लाजही नाही.

पौषात भासरे तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घसरले आणि पायाला प्लास्टर लागलं. दोन महिने खाटेवर. मासे तर थांबत नाहीत. भाड्याच्या गाडीचं बोलणं सुरू झालं तेव्हा माझी मोठी जाऊ, जिला मी बाई म्हणते, चुलीजवळून उठून आली आणि म्हणाली, "जीप मी चालवतो." तिने माहेरी धानाच्या चिखलणीला ट्रॅक्टर चालवला होता, एवढंच तिचं शिक्षण. भासरे भिंतीकडे तोंड करून झोपले. त्याला आम्ही होकार समजलो.

पहिल्या दिवशी ती गिअर टाकायची आणि मी शेजारी बसून रस्त्यावरच्या कोंबड्या मोजायची. एकही मेली नाही. गावाबाहेर पडल्यावर तिने तिसरा गिअर टाकला, गाडी पळायला लागली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. आम्हा दोघींचं हसू हा एक आजारच आहे. एकदा लागलं की थांबत नाही, पोट दुखतं, डोळ्यांतून पाणी येतं. लग्नाच्या पंगतीत आम्हाला शेजारी बसू देत नाहीत. पन्नाशीच्या जवळ आलेल्या दोन बायका, डोक्यावरून पदर उडालेला, मागे मणभर मासे, आणि पुढे मोकळा रस्ता. तळोधीजवळ वाफ निघाली तेव्हाही आम्ही हसतच होतो.

पण रोज तेच झाल्यावर हसू कमी झालं. बर्फ वितळायचा, मासे मऊ पडायचे, बाजारात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेलेली. एका सकाळी मी नागभीडला स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि गाडी गरम होते असं सांगितलं. दुकानदार फोनवर होता. त्याने मागे न बघता फळीवरून कूलंटची एक गुलाबी बाटली काढली आणि म्हणाला, नवीन माल आहे, पाच वर्षं बघायची गरज नाही. बाटली इतकी सुंदर दिसत होती की मला ती रेडिएटरमध्ये ओतायचं जिवावर आलं. आम्ही थोडं जुनं पाणी काढलं आणि ही गुलाबी ओतली. जुन्या पाण्याला हिरवी झाक होती, ते दिसलं होतं, पण आम्हाला वाटलं शेवाळ असेल.

दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. बाई एवढी खूश झाली की तिने मोहल्ल्यातल्या बायकांना शब्दच देऊन टाकला. दरवर्षी महाशिवरात्रीला मार्कंड्याला जायचं म्हणजे एसटीच्या गर्दीत चेंगरून जायचं. यंदा तिने सांगितलं, आपली जीप हाये, अकराजणी चाला, पेट्या काढून बाकं लावतो. बायकांनी त्याच दिवशी मुरमुऱ्याचे लाडू करायला घेतले.

सहाव्या दिवशी मूलच्या रस्त्यावर गाडी नेहमीपेक्षा लवकर उकळली. घरी ओढत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना बाईने झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. त्यावर गुलाबी-तपकिरी, थरथरणारं काहीतरी होतं. शिंगाड्याच्या पिठाची खीर जास्त आटली की होते तसं. ती म्हणाली, "हे गाडीनं काय खाल्लं वं?" मला हसू आलं, पण तिला नाही आलं. महाशिवरात्रीला आठ दिवस उरले होते. अकरा बायकांना नाही म्हणायला कोण जाणार, या विचाराने तिचा चेहरा उतरला होता. मी तिला असं क्वचितच पाहिलं आहे.

मूलच्या अलीकडे एका गावात एक म्हातारे मिस्त्री राहतात. मूळचे सिरोंच्याकडचे, तेलुगू माणूस, जन्मभर जंगलातून लाकूड वाहणाऱ्या ट्रकांची इंजिनं बांधलेली. आता मोहाच्या झाडाखाली खाट टाकून बसतात. जुन्या गाड्यांचा शहाणा म्हणून त्यांचं नाव आहे, पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाकायची मनाई आहे. आम्ही दर चार किलोमीटरला थांबत, गाडी गार करत, अर्ध्या दिवसात तिथे पोचलो.

मिस्त्रीभाऊंनी आमच्याकडे पाहिलं नाही, गाडीकडे पाहिलं. रेडिएटरवर बोटाच्या पेराने टकटक केलं, नखाने थोडी धूळ खरवडली, आणि खाली पिवळा धातू चमकला. मग खाटेवर बसून त्यांनी विचारलं की हिला आजवर काय काय पाजलं. बाईने देवळात पाप कबूल करावं तसं एकेक सांगितलं. तलाव, बोअर, विहीर, नाला, एकदा उन्हाळ्यात लग्नाहून येताना उरलेलं ताक. ताकाचं मलाही माहीत नव्हतं. मिस्त्रीभाऊंनी डोळे मिटले. शेवटी मी गुलाबी बाटलीचं सांगितलं आणि तिचा फोटो फोनवर दाखवला.

"अम्मा," ते म्हणाले, "रंग पाहून साडी घ्यायची. कूलंट नाई."

मग त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं आहे, म्हणून नीट सांगू शकते. रंगाला काही कायदा नाही. ज्या कंपनीला जो आवडेल तो ती टाकते. खरं बघायचं ते आत काय आहे. नव्या गाड्यांचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, त्यांचं कूलंट वेगळं, ते बरीच वर्षं टिकतं. आमची गाडी जुनी, तिचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, जोड सगळे कथलाच्या डागाचे, म्हणजे कथील वितळवून सांधलेले. तिला जुन्या पद्धतीचं कूलंट लागतं, जे दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. ठेकेदाराने कधीतरी तेच टाकलं असणार, म्हणून ती हिरवी झाक. त्यावर आम्ही नव्या जातीचं ओतलं, दोघांचं पटलं नाही आणि आत खीर झाली. आणि बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतात, चहाच्या भांड्याला बसतात तसे. पाणी घालायचं तर बॅटरीत घालतात तेच, दुसरं नाही.

उपाय एकच होता. सगळं काढायचं, पोट धुवायचं, निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धूत राहायचं, आणि मग एकाच जातीचं भरायचं. मी विचारलं, करणार कोण. त्यांनी आम्हा दोघींकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि पाना बाईच्या हातात दिला.

गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीने घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन बाई कासोटा घालून जीपखाली गेली. मिस्त्रीभाऊ खाटेवरून सांगत होते आणि मी मधे बसून त्यांचं बोलणं खाली पोचवत होते, कारण त्यांना हळू बोलायची सवय आणि बाईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. सुरुवातीलाच त्यांनी दटावून सांगितलं होतं की एक थेंबही जमिनीवर सांडता कामा नये. कूलंट गोड लागतं आणि विष असतं. कुत्रं चाटतं, बकरी पिते आणि मरते. तलावात गेलं तर मासळीचं काय होईल ते तुम्हीच समजा. इतके दिवस आमची जीप तलावाच्या पाळीवर उभी राहून थेंब थेंब गळत होती. म्हणून आम्ही खाली मोठं घमेलं ठेवलं, बाजूला झाकणाचे दोन डबे ठेवले. मिस्त्रीभाऊंच्या बायकोची एक काळी बकरी होती. ती सकाळपासून त्या घमेल्याकडे टक लावून उभी होती. तिच्यावर मी काठी घेऊन पहारा द्यायचा, असं ठरलं.

बाईने रेडिएटरची खालची चावी, म्हणजे तोटी, सोडली. काही आलं नाही. तिने तार घालून ढोसलं, मग पचकन आवाज झाला आणि ती खीर गोळ्यागोळ्याने घमेल्यात पडायला लागली. मागून गंजाचं लाल पाणी आलं, अंबाडीच्या फुलांच्या सरबतासारखं. मिस्त्रीभाऊ मान डोलवत होते, हे सगळं त्यांना अपेक्षित होतं. मग आम्ही वरून साधं पाणी भरलं, गाडी सुरू केली, वरचा रबरी पाइप हाताला गरम लागेपर्यंत चालू ठेवली, म्हणजे पाणी इंजिनभर फिरलं असं समजायचं. मग बंद करून गार होऊ द्यायची. गरम असताना झाकणाला हात लावला तर तोंड भाजेल, असं त्यांनी बजावलं. भासऱ्यांच्या उडीची गोष्ट मी सांगितली तेव्हा ते म्हणाले, त्या माणसाचं नशीब मोठं आहे, अक्कल नाही.

दुसऱ्यांदा चावी सोडली तेव्हा पाणी पिवळं आलं.

पिवळं म्हणजे चांगलं पिवळं. बाईच्या हातावर, कोपरावर, गालावर. मिस्त्रीभाऊ खाटेवरून उठले. त्यांनी चष्मा पुसला. गंज लाल असतो, क्षार पांढरे असतात, हे काय आहे ते त्यांना कळेना. इतक्या वर्षांत त्यांनी असं पाणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात जीपखालून बाईचा आवाज आला, अगदी शांत. "माय, हे तं हळद हाये."

मी वास घेतला. तेलकट होता, पण हळदच होती. मी भासऱ्यांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. आधी ते कबूल होईनात. मग म्हणाले, हो, रेडिएटर गळत होता, कोणीतरी सांगितलं की हळद टाकली की फट बुजते, म्हणून टाकत होतो. किती दिवसांपासून, असं विचारलं तर तीन वर्षांपासून. किती टाकत होता, तर मूठभर, दर महिन्याला, कधी दोन मुठी. आणि खरंच गळणं थांबायचं, असंही त्यांनी अभिमानाने सांगितलं.

जीपखाली बाईलाही हे ऐकू गेलं. मग बाई म्हणाली, "तीन वर्षं झाले, मी दुकानदाराले मनून राह्यली का तू हळद कमी तोलते. त्याच्याशी बोलनं सोडलं ना मी. आन् तुमी गाडीले वरन करून घालत होते."

इथे मला ते हसू सुरू झालं. मी घमेल्याशेजारी बसले ती बसलेच. खाली बाई हसायला लागली, आणि जीपखाली आडवं पडून हसता येत नाही, पोट वर लागतं, त्यामुळे ती आणखी हसायला लागली. तिला बाहेर येता येईना. तिचा एक पाय बाहेर होता, पिवळा, आणि तो थरथरत होता. मिस्त्रीभाऊंची बायको घरातून धावत आली, तिला वाटलं काही अपघात झाला. तिने बाईला पायाला धरून बाहेर ओढलं. कपाळ, गाल, हात, सगळं पिवळं, नवरी मांडवात बसवावी तशी. मिस्त्रीभाऊ तोवर गंभीर होते. त्यांनी बाईकडे पाहिलं, तोंड फिरवलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. फोन चालूच होता. भासरे विचारत होते, काय झालं, गाडी बिघडली का, कोणी बोलत का नाही.

या गोंधळात बकरी घमेल्यापर्यंत पोचली होती. तिने जीभ बाहेर काढली तेवढ्यात मला दिसली. मी काठी शोधली तर काठीवर मीच बसले होते. शेवटी मी बकरीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तिच्यासकट मागे पडले. घमेलं वाचलं, बकरी वाचली. माझ्या पाठीला दोन दिवस मलम लावावं लागलं.

दोन दिवसांत पाच वेळा पोट धुतलं तेव्हा पाणी स्वच्छ आलं. मिस्त्रीभाऊंनी ते काचेच्या पेल्यात धरून उजेडात पाहिलं. सगळं घाण पाणी आम्ही डब्यांत भरलं होतं. मूलच्या एका मोठ्या गॅरेजात ते गोळा करतात, तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांनी घेतली.

पण हळद गेली तशा फटीही उघड्या पडल्या. रेडिएटरच्या एका बाजूने बारीक पिचकारी उडायला लागली. बाई त्या पिचकारीकडे बघत राहिली. महाशिवरात्रीला चार दिवस राहिले होते. मिस्त्रीभाऊ म्हणाले की डाग द्यायचं काम आता त्यांच्या डोळ्यांनी होत नाही, चंद्रपूरला रेडिएटरवाला आहे, त्याच्याकडे न्या. मग आम्ही त्यांच्या सांगण्याप्रमाणे पाइप सोडले, नट काढले, आणि रेडिएटर उचलून बाहेर घेतला. तो वाटला त्यापेक्षा जड होता.

चंद्रपूरला एसटीने गेलो. रेडिएटर बाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला होता आणि तो आम्ही दोघींच्या मांडीवर आडवा धरला होता. कंडक्टर आला, गाठोड्याकडे बघितलं आणि काय आहे म्हणून विचारलं. बाई म्हणाली, "पेशंट हाये भाऊ." त्याने तिकिटं फाडली आणि समोरच्या सीटवरच्या माणसाला उठवून आम्हाला पाय ठेवायला जागा करून दिली. त्याला खरं सांगावं असं मला फार वाटलं, पण तोंड उघडलं असतं तर हसू बाहेर पडलं असतं, म्हणून मी चंद्रपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

रेडिएटरवाल्याने त्याची तोंडं बंद करून हवा भरली आणि पाण्याच्या टाकीत बुडवला. सात ठिकाणांहून बुडबुडे आले. त्याने सात ठिकाणी खडूने खुणा केल्या, तापवलेल्या सळईने कथील वितळवून डाग दिले, पुन्हा बुडवला. आम्ही टाकीच्या काठावर वाकून पाहत होतो. एकही बुडबुडा आला नाही. बाईने टाकीतलं पाणी हाताने हलवून पुन्हा पाहिलं, तरी नाही.

आता कूलंट घ्यायचं होतं. नागभीडच्या त्याच दुकानात गेले, मुद्दाम. दुकानदाराने मला ओळखलं नाही आणि पुन्हा गुलाबी बाटलीकडे हात नेला. मी म्हटलं, भाऊ, तुमच्याकडे जेवढी कूलंटं आहेत तेवढी सगळी खाली काढा आणि मला त्यांच्या पाठी वाचू द्या. त्याने सात-आठ डबे काउंटरवर मांडले. गुलाबी, लाल, निळं, आणि दोन हिरवे. मी दहावीपर्यंत शिकले आहे. इंग्रजीत पास होऊन तीस वर्षं झाली, त्यानंतर इंग्रजी वाचलं ते फक्त खताच्या पोत्यांवर. मी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागले.

पहिला हिरवा डबा मी जवळजवळ उचललाच होता. पण मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे नव्या जातीचं, अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनांसाठी. रंग मात्र अगदी आपल्यासारखा हिरवा. मी तो खाली ठेवला आणि फार खूश झाले. मला फसवायला आलेल्या डब्याला मी पकडलं होतं. दुसऱ्या हिरव्यावर तांबं, पितळ, डाग, तिन्ही शब्द होते, आणि दर दोन वर्षांनी बदला असंही होतं. तो घट्ट होता, त्यात निम्मं पाणी घालायचं होतं. शेजारच्या एका डब्यात आधीच पाणी मिसळलेलं होतं, त्यात आणखी घालायचं नव्हतं. हेही मी वाचूनच ओळखलं. मी घट्टवाला घेतला आणि बॅटरीच्या पाण्याचे कॅन घेतले. दुकानात एक ट्रॅक्टरवाला माझं वाचन होईपर्यंत थांबला होता. त्याने दुकानदाराला काही विचारलं नाही. त्याने मला विचारलं, ताई, माझ्या ट्रॅक्टरला यातलं कोणतं बसेल. मी त्याला विचारलं, रेडिएटर कशाचा आहे. त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, घरी जाऊन खरवडून पाहा, मग या.

हे वाक्य मी त्या दिवशी घरी चार वेळा सांगितलं.

भरण्याचं कामही मिस्त्रीभाऊंच्या झाडाखालीच केलं. रेडिएटर बसवला, गाडीची पुढची चाकं चढावर घेतली, म्हणजे आतली हवा वर येऊन निघून जाते. कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं बादलीत एकत्र केलं. बाई हळूहळू ओतत होती आणि मी वरचा पाइप दाबत होते. गाडी सुरू केल्यावर गुडगुड करत बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, पुन्हा ओतलं, पुन्हा बुडबुडे. थोड्या वेळाने ते थांबले आणि पाणी हिरवंगार, स्थिर राहिलं. मिस्त्रीभाऊंनी झाकण लावायला सांगितलं. मग त्यांनी पुढच्या फळीवरच्या, इंजिनचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे बोट केलं. तो काटा कायम टोकाला चिकटलेला असायचा, आम्हाला वाटायचं तो मोडका आहे. आता तो मधोमध येऊन थांबला होता. इतकी वर्षं तो बिचारा खरं तेच सांगत होता.

महाशिवरात्रीला पहाटे अकराजणी जीपमध्ये बसल्या. अकरा म्हणता चौदा झाल्या. मांडीवर मांडी, लाडवांचे डबे, एकीची म्हातारी सासू, तीही आयत्या वेळी तयार होऊन आलेली. भासरे प्लास्टरचा पाय घेऊन दारात उभे होते. त्यांनी दोन पाण्याचे कॅन आणून ठेवले होते. बाईने ते उचलून परत त्यांच्या हातात दिले. भांडण नाही, काही नाही, नुसते हातात दिले.

मूल गेलं, सावली गेलं, वैनगंगेचा पूल गेला. काटा मध्यावर. चढावावर बाई माझ्याकडे बघायची, मी काट्याकडे बघायची आणि मान हलवायची. मागे बायकांचं गाणं सुरू होतं, एकीला शब्द येत नव्हते तर ती दुसरेच घालत होती. चामोर्शीपासून गर्दी लागली, गाड्या रांगेत मुंगीच्या पावलाने चालल्या, ऊन चढलं. पुढे एका नव्या गाडीचं बॉनेट उघडलेलं, वाफ निघत होती, चार माणसं भोवती उभी. बाईने मान बाहेर काढून त्यांना विचारलं, "कोनतं कूलंट टाकलं भाऊ?" मी तिला चिमटा काढला. त्यांच्यापैकी एकाने खरंच उत्तर दिलं.

दर्शन झालं, नदीत पाय बुडवून झाले, वाळूत बसून लाडू खाल्ले. दुपारी परत निघालो. चामोर्शीला रस्ता फुटतो तिथे बाईने गाडी थांबवली. तिने मागे वळून सगळ्यांना विचारलं की कोणी आलापल्लीचं सागाचं जंगल पाहिलं आहे का. कोणीही नव्हतं पाहिलं. आमच्यापैकी कितीजणी आयुष्यभर त्याच तीन बाजारांपलीकडे गेल्या नव्हत्या. किती लांब आहे, असं कोणीतरी विचारलं. बाई म्हणाली, "लांब हाये. पन गाडी गरम नाई झाली ना अजून."

एवढं कारण सगळ्यांना पुरलं. म्हातारी सासू म्हणाली, मी तर मेल्यावर कुठी जानार, आत्ताच चाला.

आष्टी ओलांडल्यावर झाडं जवळ आली. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग सुरू झाले, सरळ, उंच, एकेका झाडाला दोघींच्या कवेत न मावणारं खोड. पानगळ चालू होती. जमिनीवर ताटाएवढी वाळकी पानं पसरलेली. बाईने गाडी बाजूला घेतली आणि आम्ही सगळ्या उतरलो. पहिलं पाऊल टाकलं तर पापड मोडावा तसा आवाज झाला. मग दुसरीने मुद्दाम टाकलं. मग कोणी कोणाचं ऐकेना. चौदा बायका, नातवंडं असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, त्या पानांतून लाथा मारत, कुरकुर आवाज करत पळत होत्या. एकजण पानांत चक्क आडवी झाली आणि म्हणाली, मले उठवू नका.

बाई गाडीजवळच होती. मी पाहिलं, तिने बॉनेटवर हात ठेवला, मग हात काढून घेतला, मग आमच्याकडे आली आणि सगळ्यात जाड ढिगात दोन्ही पायांनी उडी मारली.

घरी पोचायला अंधार पडून गेला होता. माझ्या नवऱ्याचे सतरा फोन येऊन गेले होते, मी एकही ऐकला नव्हता. त्याने भात करून ठेवला होता, करपलेला. आम्ही तो सगळ्यांनी मिळून खाल्ला, आणि भासऱ्यांनी बाईला विचारलं की प्लास्टर निघाल्यावर त्यांनाही एकदा तिकडे नेशील का. बाई म्हणाली, पाहू.